खोलीवरचा रोजमेळ

जुलै लागला की वर्ध्याच्या बसस्थानकावर गाद्या उतरू लागतात. आष्टी, कारंजा, समुद्रपूर, आर्वीकडच्या गाड्यांतून मुलंमुली येतात. एका हातात सुतळीनं बांधलेली गादी, दुसऱ्या हातात बादली, बादलीत लोणच्याची बरणी, आणि मागे धान्याची पिशवी घेतलेले वडील. कोणी सेवाग्रामला जातं, कोणी सावंगीला, कोणी शहरातच खोली पाहतं. डिपॉझिट दिलं जातं, मेस ठरते, आणि संध्याकाळच्या गाडीनं वडील परत निघतात. जाताना महिनाभराचे पैसे मुलाच्या हातावर ठेवतात किंवा खात्यात टाकून देतात. त्या रात्री त्या पोराजवळ जन्मात पहिल्यांदा तीस दिवस पुरवायची रक्कम असते. चक्रवाढ व्याजाची गणितं त्यानं शाळेत सोडवलेली असतात, पण ही रक्कम तीस तारखेपर्यंत कशी न्यायची हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ही पुस्तिका त्या रात्रीसाठी लिहिली आहे. वर्ध्यात मी बरीच वर्षं जमाखर्च शिकवला. दुनोंदी पद्धत, ताळेबंद, घसारा हे सगळं फळ्यावर लिहिलं, आणि समोरच्या बाकांवर बसलेल्या कित्येकांचे पैसे वीस तारखेला संपलेले असत, हे मला फार उशिरा कळलं. विज्ञान, कला, अभियांत्रिकी, नर्सिंग, कोणत्याही शाखेच्या मुलाला जेवढा हिशेब लागतो तेवढाच इथे आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती वर्धा जिल्ह्याच्या मातीतली आहे आणि शहरी घरांसाठी लिहिलेल्या बचतीच्या पुस्तकांत ती सापडत नाही. पगारदार घरात पैसा महिन्याला येतो आणि मुलाचा खर्चही महिन्याला होतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांचं तसं नाही. कापूस, सोयाबीन, तूर यांवर चालणाऱ्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं, कापसाची वेचणी दिवाळीपासून पुढे चालते, तूर जानेवारीच्या आसपास घरात येते. आणि कॉलेजचा सगळ्यात मोठा खर्च कधी येतो? प्रवेश शुल्क, खोलीचं डिपॉझिट, पुस्तकं, गादी-पंखा हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा बियाणं, खत, डवरणी आणि निंदणात घरातला शेवटचा रुपयाही शेतात गेलेला असतो. पीककर्ज मिळालं असेल तर त्यातलेच काही हजार मुलाच्या प्रवेशाकडे वळतात, हे अनेक घरांतलं न बोललेलं सत्य आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं आहे की अंदाजपत्रक महिन्याचं करण्याआधी वर्षाचं करा, आणि ते एकट्यानं करू नका. वडिलांजवळ बसा. एका कागदावर बारा महिने लिहा. वरच्या ओळीत घरी पैसा कधी येतो ते, खालच्या ओळीत तुमचा मोठा खर्च कधी येतो ते. परीक्षा शुल्क, प्रकल्पाचं साहित्य, पोळ्याला आणि दिवाळीला गावी जाणं, एखादी नागपूरची फेरी. दोन्ही ओळी शेजारी आल्या की खड्डा कुठे पडणार ते डोळ्यांना दिसतं. तो खड्डा जुलैतच दिसला तर दिवाळीनंतरच्या कापसाच्या चुकाऱ्यातून पुढच्या जुलैसाठी किती बाजूला काढायचं, हे बोलता येतं. सप्टेंबरात अचानक दिसला तर उधारीशिवाय हातात काही राहत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. 1978 साली मी आर्वीकडून वर्ध्याला शिकायला आलो. वडील मनीऑर्डर पाठवत, ऐंशी रुपये. तिच्या खालच्या चिठ्ठीवर चार शब्द लिहायला जागा असे, त्यावर वडिलांच्या अक्षरात ‘जपून वापर’ असं काही असायचं. पहिल्या महिन्यात एकवीस तारखेला माझ्याजवळ दोन रुपये उरले. मी सिगारेट ओढत नव्हतो, सिनेमा एकच पाहिला होता. पैसे कशात गेले हे मला खरोखर सांगता येत नव्हतं. मग मी घरी पत्र लिहिलं, की एक पुस्तक घ्यावं लागतं, वीस रुपये पाठवा. आठ दिवसांत वीस रुपये आले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आई सहज बोलून गेली, की ते वीस रुपये बाबांनी शेजाऱ्याकडून उसने आणले होते आणि निंदणाच्या बायांची मजुरी एक आठवडा थांबवली होती.

त्या खोट्याची लाज मला अजून वाटते. पण ते खोटं आलं कुठून, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मी उधळ्या नव्हतो. मला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि ‘ठाऊक नाही’ असं वडिलांना सांगणं खोटं बोलण्यापेक्षा कठीण वाटलं होतं. पुढे शिक्षक झाल्यावर फी उशिरा भरणारी, मेस मधेच सोडणारी, घरचा फोन न उचलणारी मुलं पाहिली, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला तीच अडचण दिसली. ज्याला आपली शिल्लक ठाऊक आहे तो घरचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. हिशेबाचा एवढा एकच फायदा असता तरी मी ही पुस्तिका लिहिली असती.

वर्ध्यात हा विषय काढावा आणि सेवाग्रामची आठवण येऊ नये, असं होत नाही. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावात राहायला आले आणि पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, हे आपल्याला माहीत असतं. त्याआधी अर्धशतक तेही घरापासून दूर राहणारे विद्यार्थी होते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. 1888 साली ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. आरंभी तिथल्या सभ्य गृहस्थांसारखं दिसायच्या नादात त्यांनी दहा पौंडांचा सूट शिवला, नाचाचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. पैसे पाठवणारा थोरला भाऊ काठियावाडात ओढाताण करत होता. या तरुणाला एक सवय मात्र होती. बसचं भाडं, टपालाचं तिकीट, वर्तमानपत्राचे दोन-चार पेनी, सगळं लिहायचं आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी हे तपशिलानं सांगितलं आहे.

मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची पायरी. खर्च निम्मा करायचा असं त्यांनी ठरवलं, तेव्हा कुठे कात्री लावायची हे त्यांना वहीनं सांगितलं. गाडीभाड्याच्या नोंदी फार दिसल्या, म्हणून कामाच्या ठिकाणापासून पायी अर्ध्या तासावर बिऱ्हाड घेतलं. एका कुटुंबात राहून दर आठवड्याला ठरलेलं बिल भरावं लागे, म्हणून स्वतंत्र खोल्या घेतल्या. पुढे तेही जास्त वाटलं, तेव्हा आठवड्याला आठ शिलिंगांची एकच खोली घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी घरीच शिजवली, रात्री ब्रेड आणि कोको. जेवणखाण दिवसाला एक शिलिंग तीन पेनीत भागू लागलं. त्यांनी मन मारून, डोळे मिटून काटकसर केली नाही. नोंदी वाचल्या आणि एकेक नोंद बदलली. पुढे सार्वजनिक निधीचे लाखो रुपये हातातून गेले तरी कोणत्याही चळवळीत कर्ज उरलं नाही, उलट शिल्लकच राहिली, याचं श्रेय ते याच सवयीला देतात.

त्यांच्याबरोबर काम करायला वर्ध्यात आलेले जे. सी. कुमारप्पा तर शिक्षणानंच हिशेबनीस होते, लंडनमध्ये तयार झालेले. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे ही मर्यादा त्यांनी घातली आणि गांधीजींबरोबर आलेल्या मंडळींनाही ती सोडली नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी उभं केलं ते याच शिस्तीनं. आणि 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनं नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात गणिताबरोबर व्यवहार आणि जमाखर्च ठेवण्याचं ज्ञान मुलाला असावं, अशी अपेक्षा लिहिलेली आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला हे यावं असं याच गावात ठरलं होतं. आज याच गावात विशीतली मुलं त्यावाचून राहतात, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या परंपरेत याहून जुनी एक आख्यायिका आहे, ती मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पैठण सोडून देवगडावर जनार्दनस्वामींकडे राहिलेल्या एकनाथांना हिशेब लिहायचं काम होतं. एके दिवशी एक पै जुळेना. सगळे झोपले, समईत तेल संपत आलं, तरी ते वह्या चाळत बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. मुलं विचारत, एका पैसाठी एवढं? मी सांगे, पै लहान असते, पण ती कुठे चुकली ते शोधताना सगळी वही पुन्हा वाचली जाते. कधी कधी एका पैच्या आड दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष पान कसं लिहायचं ते पाहू. आपल्याकडे रोजच्या रोख व्यवहाराच्या नोंदीला रोजमेळ किंवा कीर्द म्हणतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च. जुने मुनीम लांब कागदाला घड्या घालून सळ पाडत आणि त्यात रकमा मांडत. तुम्हाला साधी रेघांची वही पुरे. एका मुलीच्या सोमवारचं पान समजा. आरंभीची शिल्लक 1,340 रुपये. खर्चात चहा 10, झेरॉक्स 24, ऑटो 20, तर्री पोहे 25, मैत्रिणीला उसने 100. अखेरची शिल्लक 1,161 यायला हवी. पाकिटातल्या नोटा-नाणी मोजली तर 1,150. अकरा रुपये कमी. बहुतेक जण इथे ‘जाऊ दे’ म्हणतात. तिनं डोळे मिटून दिवस पुन्हा आठवला. दुपारी रिफिल घेतली होती, दहा रुपये. आणि झेरॉक्सवाल्यानं सुट्टा रुपया नाही म्हणून हातावर चॉकलेट ठेवलं होतं. मेळ बसला. रिफिल शिक्षणाच्या खात्यात गेली आणि चॉकलेट ‘इतर’मध्ये.

या पानात एक नोंद बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. मैत्रिणीला दिलेले शंभर रुपये हा खर्च नव्हे, ते तुमचं येणं आहे. त्यासाठी वहीच्या शेवटी एक वेगळं पान ठेवा, येणं एका बाजूला आणि देणं दुसऱ्या बाजूला. खोलीवर राहणाऱ्यांच्या मैत्रीत जेवढी कटुता मी पाहिली, त्यातली निम्मी अशा न लिहिलेल्या शंभर-दोनशे रुपयांतून आलेली होती. मागायची लाज वाटते, घेणारा विसरतो, आणि मग दोघं एकमेकांशी कमी बोलू लागतात.

‘आता सगळं मोबाइलवरून देतो, नोंद आपोआप होते, वही कशाला?’ हा प्रश्न मला हल्ली हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं थांबतो. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि आता टपरीवरच्या चहालाही चालतं. त्यात तारीख, वेळ, रक्कम बिनचूक राहते, पण कारण राहत नाही. स्टेटमेंटमध्ये एखाद्या माणसाचं नाव आणि 60 रुपये एवढंच दिसतं. ते नाव दुकानदाराच्या मुलाचं असतं, आणि त्या दुकानातून तुम्ही वही घेतलीत की वेफर्स, हे महिन्यानंतर कोणाला आठवतं? दुसरी अडचण अशी. चार मित्र जेवले, 480 रुपये तुम्ही दिले आणि तिघांनी 120-120 परत पाठवले. बँकेच्या नोंदीत तुमचा खर्च 480 दिसतो आणि उत्पन्न 360. खरा खर्च आहे 120. असे दहा प्रसंग झाले की स्टेटमेंट वाचून काही समजत नाही. म्हणून मोबाइलवरून दिलेले पैसेही रात्री वहीत उतरवा, रोख आणि बँक असे दोन रकाने करून. वहीऐवजी मोबाइलमधल्या तक्त्यात लिहिलंत तरी माझी हरकत नाही. स्वतः लिहा आणि रोज शिल्लक ताडून पाहा, एवढंच मागतो.

खाती फार करू नका. राहणं, जेवण, शिक्षण, प्रवास, मोबाइल, औषधपाणी आणि इतर. महिन्याअखेर ‘इतर’ची बेरीज फुगलेली दिसली तर त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बाहेर काढून तिला स्वतःचं नाव द्या. एका विद्यार्थ्यानं असं करून पाहिलं तेव्हा त्याला कळलं, की रात्री अभ्यासिकेतून परत येताना होणारं खाणं मेसच्या निम्म्या पैशांइतकं आहे, कारण मेसचं जेवण त्याच्या वेळेच्या आधी संपत होतं. त्यानं मेस बदलली. आणि सुटीत घरी जाताना नेलेला गोरसपाक बिस्किटांचा पुडा चैनीत धरू नका, असंही सांगतो. त्यासाठी ‘घरी नेलं’ असं एक खातं काढा. चार ठिकाणी काटकसर करून धाकट्या बहिणीसाठी नेलेल्या पुड्याला वहीत मानाची जागा असावी.

ज्यांना शासनाची मदत मिळते त्यांच्यासाठी दोन शब्द. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून आहे. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेनं वर्षाला 43,000 रुपये ठरवले: भोजनाला 25,000, निवासाला 12,000 आणि निर्वाहाला 6,000. आकडा मोठा वाटतो, पण दहा महिन्यांत वाटून पाहा. जेवणाला महिन्याला 2,500, म्हणजे दिवसाला साधारण 83 रुपये, खोलीला 1,200, बाकी सगळ्याला 600. आणि ही रक्कम महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हप्त्यांनी येते. हप्ता आला त्या दिवशी खात्यात पंधरा-वीस हजार दिसतात आणि आपल्याजवळ पैसे आहेत असा भास होतो. खरं तर त्यातले बरेच मागच्या महिन्यांच्या उधारीचे असतात. हप्ता आला की आधी देण्याचं पान उघडा, मग उरलेली रक्कम पुढच्या महिन्यांत वाटा, आणि नंतरच नवा बूट घ्यायचा की नाही ते ठरवा. हजेरीची अट 75 टक्क्यांची आहे, तीही अंदाजपत्रकाचाच भाग समजा.

कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल मी पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, इथे लांबवत नाही. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये नियम घातले, त्यानुसार अशा ॲपमागे नियमनाखालची बँक किंवा वित्तसंस्था असावी लागते आणि एकूण खर्च आधी लेखी सांगावा लागतो. त्या बँकेचं किंवा संस्थेचं नाव दिसत नसेल तर ॲप काढून टाका. पंधरा दिवसांचे पाच हजार हवे असतील तर ते आधी घरी मागा, नाहीतर शिक्षकाला मागा. वही दाखवलीत तर कोणीही समजून घेईल.

आणखी एक जमा असते, जी कोणीच लिहीत नाही. ती म्हणजे घरून आलेला माल. गहू, तूरडाळ, तिखट, सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती आलेला डबा. आपण म्हणतो, डाळीचा खर्च नाही, घरची आहे. पण ती डाळ घरच्यांनी बाजारात विकली असती तर पैसे आले असते. पाच किलो डाळ आणलीत तर त्या दिवशीच्या बाजारभावानं जमेत लिहा आणि तेवढीच जेवणाच्या खर्चात. तोंडमिळवणीत फरक पडणार नाही. घर तुमच्यासाठी किती देतं ते मात्र पहिल्यांदा कागदावर येईल.

हे मी एका वर्गात सांगितलं त्या वर्षी देवळी तालुक्यातली एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर भेटायला आली. तिची वही नीट चालली होती, ती दाखवायला आली असेल असं मला वाटलं. तिनं वही उलटी करून मागून उघडली. मागच्या पानांवर शेताचा हिशेब होता. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई, गाडीभाडं. वडील सांगत होते आणि ही लिहीत होती, चार रात्री. मृगापासूनचं सगळं आठवून काढलं होतं, न आठवलेल्या जागी शिसपेन्सिलीनं प्रश्नचिन्हं होती. जमेच्या बाजूला सोयाबीनची पट्टी आणि कापसाचा पहिला वेचा.

“सर, एक अडलं आहे,” ती म्हणाली. “निंदण-वेचणीला बाया लावल्या त्यांची मजुरी लिहिली. पण आई रोजच शेतात होती. तिची मजुरी लिहाची का नाही?”

सरकारचा कृषिमूल्य आयोगही पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल धरतो, असं मी तिला सांगितलं. बायांना दिला तोच दर धर, म्हटलं. तिनं ‘वेचाई’ खालची एक ओळ मोकळी होती तिथे ‘आई’ असं लिहिलं, आणि बोटांवर जूनपासूनचे दिवस मोजू लागली.